फ्रीजच्या खोक्यातला वीर

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी लग्न केलं आणि त्यामुळे आमच्या घराण्याचा वीर नदीत सोडायची वेळ आली. या दोन गोष्टींचा संबंध परक्या माणसाला लागणार नाही. आमच्या वाडीत तो सगळ्यांना लागत होता आणि मला तो मांडवातच, अक्षता पडायच्या आत, तीन वेगवेगळ्या माणसांनी समजावून सांगितला.

वीर म्हणजे काय ते आधी सांगतो. आमची वाडी भोरहून उत्रोलीकडे गेलं की थोडी आत आहे. वाडीतल्या सहा घरांच्या देव्हाऱ्यांत देवांच्या शेजारी चांदीचा एकेक टाक आहे, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्यावर माणूस कोरलेला असतो. हा त्या घराण्यातला कुणी पूर्वज, तरुणपणी लढाईत पडलेला. धुळवडीच्या दुपारी त्याला नदीवर अंघोळीला न्यायचं. खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा आणि घरातल्या एकाने फेटा बांधून, कमरेला तलवार लावून, ती वाटी दोन्ही हातांत धरून अनवाणी चालायचं. पुढे हलगी वाजते. वाटेतल्या दारांतून बायका पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. जो वाटी धरतो त्यालाही त्या दिवसापुरतं वीरच म्हणतात, आणि त्या दिवसापुरतं कुणी त्याला शिव्या देत नाही.

आमचा वीर कोणत्या लढाईत पडला याची नोंद नाही. तो लढाईत पडला की आंब्यावरून पडला, यावर भावकीत दोन मतं आहेत. आंबेवाल्यांना आम्ही जेवणावळीत मागच्या पंगतीला बसवतो. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या गोष्टी तीनच: तो एकोणीस वर्षांचा होता, त्याचं लग्न झालेलं नव्हतं आणि सगळे ‘थांब’ म्हणत असताना तो पुढे गेला.

त्याचं लग्न राहिलं, म्हणून त्याला नदीवर नेणारं माणूसही बिनलग्नाचं लागतं. लग्न झालं की वाटी पुढच्याकडे द्यायची. माझ्याकडे ती बाराव्या वर्षी आली. पुढे माझं लग्न जमेना, आणि माझ्या मागची पोरं नोकरीला पुण्यात गेली, तिथंच लग्नं करून बसली. त्यामुळे माझं लग्न न जमणं ही घराची चिंता होती आणि वीराची सोय होती. एकोणचाळीस वर्षं मी एकोणीस वर्षांच्या मुलाचं काम केलं. चाळिशीनंतर मिशी काळी करावी लागायची. गेली दोन वर्षं नदीच्या उतारावर गुडघा धरायचा, तेव्हा लोक म्हणायचे, वीर जखमी हाय.

मग वरवे गावच्या एक बाई, शिवणक्लास चालवणाऱ्या, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ब्लाउजच्या नमुन्यांच्या प्रती काढायला येऊ लागल्या. त्यांना प्रती फार लागायच्या. एवढ्या प्रती कुणालाच लागत नाहीत हे माझ्या ध्यानात यायला दीड वर्ष गेलं. माघात आमचं लग्न झालं. फाल्गुनात धुळवड, आणि घरात बिनलग्नाचं कुणी नाही.

घरात थोरली काकी आहे. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, ऐंशीला टेकलेली. दूध डेअरीवर घालायला अजून स्वतः जाते आणि फॅट लावणाऱ्या माणसाकडे अशी बघते की तो आकडा दोनदा वाचतो. तिने लग्नानंतर आठवड्याभरात निकाल दिला. नेणारं कुणी नाही तर वीराला देव्हाऱ्यात नुसता बसवून ठेवायचा नाही. यंदा तिने स्वतः त्याला ओटीत घेऊन नदीवर जायचं, अंघोळ घालायची आणि तिथंच सोडायचा. असं याआधी एका घराचं झालं होतं. त्या घराला आता धुळवडीला कुणी हाक मारत नाही, आणि नदीवरून परत येताना त्यांच्या दारावरून हलगी मुकी जाते.

मी म्हटलं, एवढं काय त्यात, राहू दे की देव्हाऱ्यात. त्यावर काकीने टाक माझ्यापुढे धरला. वर्षानुवर्षं चिंच लावून घासल्यामुळे त्याचं नाक, मिशी आणि तलवार एकजीव झाली होती.

“म्या पंधराव्या वर्षी ह्या घरात आले. सासूनं पैल्या दिवशी हे घासाया दिलं. ह्याचं नाक म्या घालवलंय. त्याला नुसता बसवून ठेवून म्या मरू व्हय?”

माझी बायको तेव्हा घरात नवी होती. ती दाराशी उभी राहून हे ऐकत होती, आणि एका घराचा वीर आपल्यामुळे नदीत चाललाय हे तिला त्या दिवशी नीट कळलं. त्यानंतर रोज तिने मला चहा दिला, पण हातात दिला नाही. समोर ठेवला.

धुळवडीआधीच्या शनिवारी धाकटा भाऊ पुण्याहून आला, बायको आणि मुलीला घेऊन. पुतणी नऊ वर्षांची. ती आली ती एक वही घेऊन. वहीत एकच चित्र पन्नास वेळा काढलेलं: एक रोबो, हातात काहीतरी भयंकर, आणि शेजारच्या पानावर तोच रोबो लढाऊ विमान झालेला. त्याला नावही होतं. ते मी इथं सांगत नाही, कारण शत्रूला कळता कामा नये अशी मला शपथ घातलेली आहे.

जेवताना वीराचा विषय निघाला. काकीने नियम परत म्हणून दाखवला, मला टोचावं म्हणून: घरातलं बिनलग्नाचं माणूस वीर घेतं. पुतणी भाकरी मोडता मोडता म्हणाली, मी बिनलग्नाची आहे. मी घेते. पण फेटा नको, मी रोबो होणार.

भाऊ हसला. आता काकीची सासू हा नियम कसा म्हणायची त्याचा प्रश्न आला. काकीने मनातल्या मनात तो दोनदा म्हणून पाहिला, ओठ हलताना दिसले. माणूस. बिनलग्नाचं माणूस. त्यात पोरगा म्हटलेलं नव्हतं. सासूच्या शब्दात काकीने आयुष्यात काही वाढवलं नाही आणि काही कमी केलं नाही. तो भाग तिथंच मिटला. राहिला रोबो.

काकीने पोरीला जवळ बसवलं आणि वही उलटी धरून पाहिली. मग चौकशी सुरू केली, सोयरीक बघतात तशी.

“ह्यो करतो काय?”

“लढतो.”

“गडी कसा हाय सोभावानं?”

“तरुण आहे, आज्जी. जरा आगाऊ आहे. सेनापती त्याला थांब म्हणतात, पण तो थांबतच नाही. पुढे जातो. मग त्याचं विमान होतं.”

काकीने वही सरळ केली. देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं.

“मंग घरातलाच हाय की,” ती म्हणाली.

रविवारी कारखाना सुरू झाला. लग्नात सासरवाडीने फ्रीज दिला होता, त्याचं खोकं पडवीत होतं. ते धड झालं. कूलरच्या खोक्याचे पाय झाले. डोक्याला जुनं रॉकेलचं नरसाळं, म्हणजे उभं असताना ते शिरस्त्राण आणि वाकलं की विमानाचं नाक. पाठीवर दोन पुठ्ठ्याचे पंख दुमडून बसवले, त्यांना दाराच्या बिजागऱ्या लावल्या आणि एक सुतळी खांद्यावरून पुढे आणली. सुतळी ओढली की पंख उघडायचे. पहिल्या चाचणीत उजवा उघडला, डावा उघडेना, त्याला चापट मारावी लागायची. माझ्या बायकोने शिवणाच्या दोऱ्याने सगळे सांधे आतून टाचले, वर चंदेरी कागद चिकटवला. तिने त्या दिवशी मला चहा हातात दिला.

अडचण एकच राहिली. वीर वाटी दोन्ही हातांत धरतो, आणि विमानाला दोन्ही हात पंखांखाली लागतात. पुतणीचं म्हणणं, हात अडकले तर रूपांतर होणार नाही. भावाचं म्हणणं, मग रूपांतर नको, नुसता रोबो राहू दे. ती म्हणाली, विमान होत नसेल तर तो रोबो कसला, तो फ्रीज. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

शेवटी तिनेच उपाय काढला. उजव्या खांद्यावर वैमानिकाची जागा करायची. वाटी तिथं बसवायची, वर श्रीखंडाच्या डब्याचं पारदर्शक झाकण, म्हणजे आतल्याला बाहेरचं दिसेल. विमानाला वैमानिक लागतोच, आणि घराण्यात लढाईचा अनुभव असलेला एकच आहे. पण वाटी हातातून सुटली असं आजवर कधी झालं नव्हतं. आम्ही सगळे काकीकडे पाहू लागलो. काकीने ते झाकण उचलून त्यातून आरपार पाहिलं.

“बसू दे त्याला,” ती म्हणाली. “इतकी वर्सं चालतच गेलाय बिचारा.”

धुळवडीच्या दुपारी पोरीला खोक्यात बसवून सांधे बांधले. काकीने तांबड्या फडक्याच्या घडीवर टाक ठेवला, झाकण लावलं, आणि त्या विमानाची दृष्ट काढली. मग तिने पोरीला दटावून सांगितलं की वीर पळत नाही, वीर मागं बघत नाही, आणि पाण्यात उतरायचं ते मानाप्रमाणे. पहिल्या मानाचा वीर आधी, आमचा मान चौथा.

आमच्या वाडीत मानाची जागा चुकली की काय होतं ते सांगायला हवं. एक जागा पुढे उभं राहिल्यावरून दोन सख्खे भाऊ सतरा वर्षं बोलत नव्हते. बोलू लागले तेव्हा त्यातला एक बहिरा झाला होता.

बाकीचे पाच वीर फेटे बांधून, ओळीत उभे होते. पहिल्या मानाचा इंजिनिअरिंगला होता आणि त्याने गॉगल लावला होता, त्यावर कुणी बोललं नाही. आमचा रोबो चौथ्या जागी जाऊन उभा राहिला, कटकट आवाज करत, कारण तो तोंडाने तसा आवाज करत होता. पहिल्या मानाच्या घरातले आबा, वाडीतले सगळ्यात वडीलधारे, काठी टेकत आले. खोक्याभोवती एक फेरी मारली. मला विचारलं की हे काय. मी सांगितलं वीर. ते म्हणाले, तुज्या लग्नात फ्रीज आला म्हणत्यात तो ह्योच का. आणि हलगी सुरू झाली.

आता मी जे सांगणार आहे त्याची सगळी जबाबदारी माझी आहे. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून दर धुळवडीला दारादारांतून माझ्या पायांवर तांब्यातांब्याने पाणी पडलं. आणि दोन दिवस मी पुठ्ठ्याचे पाय बनवत बसलो, त्यात एकदाही मला ते पाणी आठवलं नाही. मलाच काय, काकीलाही नाही, भावालाही नाही. आठवलं ते माझ्या बायकोला, आणि तेही पहिल्या दारात तांब्या कलंडला तेव्हा. ती माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, “अहो, पुठ्ठा.”

पहिल्या दारात चंदेरी कागद सुटला. दुसऱ्या दारात पाय फुगले. तिसऱ्या दारातल्या बाई भक्तिभावाने घागरच घेऊन आल्या होत्या. त्यांनी ओवाळलं, पाणी ओतलं, वाकून नमस्कार केला, आणि वर आल्या तेव्हा रोबोचा डावा पाय त्यांच्या हातात होता. त्या घाबरल्या. मी त्यांच्याकडून पाय घेतला आणि म्हटलं, चालतंय, लढाई आहे. चौथ्या दारानंतर वरून रोबो आणि खालून शाळेची हाफ पॅन्ट, असं ध्यान चाललं होतं. ओल वर चढत होती. सांधे टाचलेला दोरा भिजल्या पुठ्ठ्यातून अलगद बाहेर येत होता.

नदीचा उतार लागला. वीर ओळीत, हलगी संथ. खोक्यातून पुतणीने मला हाक मारली.

“काका, कंबर सुटतीये. आता विमान झालं नाही तर होणारच नाही.”

मी म्हटलं, “थांब.”

हा शब्द मी वापरायला नको होता, हे मला उच्चारतानाच कळलं. तिने सुतळी ओढली. उजवा पंख उघडला. तिने स्वतःच हात मागे नेऊन डाव्याला चापट मारली, तोही उघडला. ती कमरेत वाकली, नरसाळं पुढे आलं, आणि विमान धावपट्टीवरून सुटलं.

हलगी वाजवणारा माणूस चाळीस वर्षं वीराला एकच ठेका वाजवत आलाय. पण समोरून कुणी पळताना दिसल्यावर त्याचा हात आपोआप कुस्तीच्या फडावरच्या ठेक्यावर गेला. त्यामुळे वेग वाढला असं माझं मत आहे. तिने तिसऱ्या मानाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं, पहिल्या मानाचा गॉगल काढून बघत उभा राहिला तेवढ्यात त्यालाही टाकलं, आणि वाडीच्या इतिहासात प्रथमच चौथ्या मानाचा वीर सगळ्यांच्या आधी पाण्यात गेला. तोंडाने इंजिनाचा आवाज करत.

फाल्गुनात नदीला पाणी गुडघाभर असतं. विमान त्यात आडवं पडलं आणि उलगडलं. एकेक भिंत सुटी झाली. पंख एकीकडे गेले, नरसाळं बुडालं. श्रीखंडाचं झाकण तरंगत आलं. त्याच्यामागून खोबऱ्याची वाटी आली, होडीसारखी हलत. त्यात फडकं होतं. टाक नव्हता.

हे काकीने पाहिलं. महिनाभर जो टाक नदीत सोडायचा म्हणून ती सगळ्यांना सांगत होती, तो नदीत गेला होता, आणि तिला ते सोसलं नाही. ती काठावरच्या दगडावर बसली. रडली नाही. दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवले आणि त्या रिकाम्या तळव्यांकडे बघत राहिली. माझी बायको नऊवारी वगैरे काही न बघता सरळ पाण्यात उतरली. मी उतरलो, गुडघ्यासकट. भाऊ उतरला. मग फेटेवाले वीर वाट्या घरच्यांच्या हाती देऊन उतरले, मान विसरून, आणि दहाबारा माणसं ओणवी होऊन नदीची वाळू चाळू लागली. हलगी थांबली होती.

पुतणी मधोमध उभी होती, ओलीचिंब, गळ्यात सुतळी. मग तिने विचारलं की तुम्ही काय शोधताय.

मी सांगितलं.

“तो कधीच उतरला,” ती म्हणाली. “विमान तुटायला लागलं की पायलट आधी बाहेर काढायचा असतो ना.” आणि मूठ उघडली. “अंघोळपण घातली.”

टाक तिच्या हातातून माझ्या बायकोकडे आला, आणि बायकोने तो काठावर जाऊन काकीच्या तळव्यावर ठेवला. काकीने त्याच्यावर अंगठा फिरवला, नाक असतं तिथं. माझ्या बायकोला म्हणाली, लुगडं बदल, गारठशील. लग्नानंतर काकीने तिला उद्देशून म्हटलेलं हे पहिलंच पूर्ण वाक्य होतं.

पण प्रकरण संपलेलं नव्हतं. आबा काठी आपटत पाण्याजवळ आले. पहिली अंघोळ त्यांच्या घराण्याची, त्यांच्या आज्या-पणज्यांपासूनची, आणि ती आज एका खोक्याने नेली होती. ते ओरडले नाहीत, आणि ते ओरडत नाहीत तेव्हा वाडी बसून घेते. सगळे काठावर बसले. आबांनी आधी मला विचारलं की पोरीला नियम सांगितला होता का. मी सांगितलं, सांगितला होता. मग थांबली का न्हाई? मी काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, आमच्यात थांबत न्हाईत. आंबेवाल्या पक्षातला एक जण हसला आणि त्याच्याच बायकोने त्याला कोपर मारलं.

आबांनी बाकीच्या चार घरच्यांशी हळू आवाजात बोलून घेतलं. भाऊ माझ्या कानाशी कुजबुजला की आता भांडण होणार, गाडी लांब लावली असती तर बरं झालं असतं. मलाही तसंच वाटत होतं. एक जागा मागे गेली म्हणून सतरा वर्षं तोंड न बघणाऱ्यांच्या वाडीत काकी आजवर कुणापुढे अर्धं पाऊलही मागे सरकलेली नव्हती.

आबा परत समोर येऊन उभे राहिले.

“मान मोडलाय. दंड घ्यावा लागंल,” ते म्हणाले. “पुढल्या साली ह्यांचा वीर चवथा न्हाई. समद्यांच्या शेवटी पाण्यात उतरंल.”

चौथ्यावरून सहावा. दोन जागा. सगळी वाडी काकीकडे बघू लागली. काकीने पदर सावरला आणि उठून उभी राहिली.

“पुढल्या साली बी आमचा वीर हाय म्हणताय?” तिने विचारलं.

“व्हय. पुढल्या साली.”

“चार माणसांच्या म्होरं सांगताय न्हवं, आबा?”

“सांगतोय की.”

“मंग झालं,” काकी म्हणाली. टाक पदराच्या टोकाला बांधून तिने दोन गाठी मारल्या आणि पोरीला हाताला धरून उतार चढू लागली.